पापा रूआंशी हात मिळवताना

प्रवाळाच्या खडकावर पडावं कसं, हे अख्ख्या ताहितीत माझ्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही! गावातले सगळे सर्फर माझ्याच हाताखालून गेलेत. वाळूवर. "आडवं पडा, डोकं हातांत धरा, पाय टेकू नका. जीवावर बेतलं तर एक हात वर करा, जेटस्की येईल." मी स्वतः त्या खडकावर फुटणाऱ्या लाटेवर कधी गेलो नव्हतो, एवढं सोडलं तर माझ्यात काही कमी नव्हतं.

नेमकं तेच मेव्हण्याने, तामातोआने, रविवारी जेवताना काढलं. ती जेटस्की चालवतो तो हाच.

"दाजी, कोरड्या वाळूवर पडून पडून कंटाळा नाही येत?"

माझी बायको हिनारावा मासळीवर लिंबू पिळता पिळता हसली. बायको हसली की विषय संपला.

"उद्या येतो," मी म्हणालो.

माझा बेत चोख होता. हेल्मेट घालायचं, खडकाच्या खिंडीत बोटींची वाट आहे तिथे सर्फिंगच्या फळीवर बसून राहायचं, आणि तासाभराने ओल्या केसांनी घरी यायचं. लाट तिकडे, आपण इकडे.

सोमवारी लाट दुमजली होती. तिच्याखाली कमरेएवढं पाणी आणि त्याखाली सुऱ्यांसारखा खडक. सरळ सांगतो, माझी पाचावर धारण बसली.

पण आमच्याकडे रीत आहे. पाण्यात उतरलं की तिथे बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा. एखादा राहिला तर तो वर्षभर तोंड फिरवतो. म्हटलं, बरंच झालं, तेवढाच वेळ जाईल. पहिल्याला बायकोची तब्येत विचारली, दुसऱ्याला गुडघ्याची, तिसऱ्याला डुकरांची. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जरा आत बसलाय, हे काही माझ्या लक्षात आलं नाही. शेवटी राहिले पासष्टीचे पापा रूआ, अख्ख्या गावाचे पापा. ते बसले होते लाट उठते नेमकं तिथे.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि मागे पाणी उभं राहिलं.

"शाब्बास तिहोनी! थेट इथवर आलास? घे, ही लाट तुझी."

"नाही पापा, मी आपला भेटायला..."

"लाजतोस काय लेका?" म्हणत त्यांनी माझी फळी ढकलली. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या.

"दाजी, आता थांबू नका, थांबलात तर मेलात!" तामातोआ लांबून ओरडला.

मी उभा राहिलो की नाही, आठवत नाही. खाली बघितलं तर पाणीच नव्हतं. हिनारावाला येतो म्हणून सांगायचंसुद्धा राहिलं होतं. पडलो. आडवा, डोकं हातांत, पाय वर. माझाच धडा मला माझ्याच आवाजात ऐकू येत होता, फक्त आवाज रडका होता. हेल्मेट खडकावर दोनदा वाजलं. मग फेसाने उचललं आणि किनाऱ्याकडच्या शांत पाण्यात आणून टाकलं. अंगावर ओरखडा नाही.

तेव्हापासून गावात मला मान आहे. तिहोनीने लाट मागून घेतली, असं पापा रूआ सांगत सुटलेत. मी कशाला नाही म्हणू?

फक्त आता हात मिळवायला आत जात नाही. बोटींच्या वाटेतूनच एक हात वर करून सगळ्यांना राम राम घालतो. दर वेळी तामातोआ जेटस्की घेऊन धावत येतो.

आणि दर वेळी मी मुकाट्याने मागे बसतो.