येळवशीचं अपग्रेड

शरणप्पा बोलता बोलता स्वतःचेच शब्द खोडतात. "काल मी बसवकल्याणला गेल्तो," असं म्हणतात, थबकतात, तर्जनीनं हवेत एक आडवी रेघ ओढतात आणि पुढं चालू, "काल खोडलं. परवा. कारण, ध्यानातून गेलं." लग्नात, मयताला, डॉक्टरपुढं, कुठंही. नातवाच्या बारशाला माइक हातात घेऊन त्यांनी बाळाचं म्हणून शेजारच्या पोराचं नाव जाहीर केलं. बायका हसायला लागल्या, सून लालेलाल झाली. शरणप्पांनी शांतपणे रेघ ओढली, खरं नाव सांगितलं, कारण सांगितलं आणि मगच पेढा तोंडात टाकला.

हे खूळ त्यांना आमच्या कारखान्यानं लावलं. बिदरच्या बाहेर, कोळारच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही औषधाची पावडर बनवतो. औषधाच्या धंद्यात चुकलेली नोंद पुसत नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि बदल का केला तेही लिहायचं. आमच्यापैकी बाकीचे हा नियम गेटवर ठेवून घरी जातात. शरणप्पा तो सोबत घेऊन जातात.

मी तिथं गुणवत्ता विभागात आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खुसपट काढायचा मला पगार मिळतो. घरचे म्हणतात, हे काम मी फुकटही केलं असतं. शरणप्पा आमच्या ई-लॉगबुकचे कर्तेधर्ते. कुठलं यंत्र कुणी चालवलं, कुणी धुतलं, धुतलेलं कुणी तपासलं, हे पूर्वी आम्ही जाडजूड रजिस्टरात लिहायचो. आता ते यंत्राशेजारच्या टॅबलेटवर लिहितो. ते सॉफ्टवेअर बसवायचं, त्याला आमच्या कारखान्याच्या सवयी शिकवायच्या आणि ते रुसलं की त्याची समजूत काढायची, हे शरणप्पांचं काम. मी वयानं त्यांच्या लेकीएवढी, तरी मला ते अक्का म्हणतात. मी त्यांना अण्णा म्हणते.

आमच्याकडं प्रत्येक यंत्रावर पाटी असते: 'वापरात', 'धुवायचं आहे', 'स्वच्छ'. शरणप्पांनी ती आपल्या चहाच्या कपाला लावली, डब्याला लावली, स्कूटरलाही लावली. स्कूटर कित्येक महिने 'धुवायचं आहे'मध्येच होती. मग घरी जाऊन त्यांनी स्वयंपाकघरातल्या कढईला पाटी लावली, आणि त्यांच्या बायकोचा, महादेवीअक्कांचा, संयम संपला. दुसऱ्या दिवशी अण्णा कामावर आले ते पाठीवर 'धुवायचं आहे' चिकटवून घेऊनच. दुपारपर्यंत त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये नोंद बदलली की कारणाची चौकट उघडते. सुरुवातीला पोरं तिथं नुसतं टिंब टाकून मोकळी व्हायची. शरणप्पांनी सेटिंग बदललं, टिंब चालेना. पोरांनी 'कारण' एवढाच शब्द लिहायला सुरुवात केली. शरणप्पांनी तोही बंद केला. मग कुणीतरी लिहिलं, 'कारण आहे म्हणून बदल केला.' त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. "अक्का, मशीनला फसवायलेत का मला फसवायलेत? कारणाबिगर पान हलत न्हाई जगात!" असं म्हणत ते शिफ्ट संपेपर्यंत फेऱ्या घालत होते.

पण माणूस नुसता नियमाचा नाही, हे मला मलकप्पाच्या प्रकरणात कळलं. ई-लॉगबुक सुरू झालं त्याच आठवड्यात रोज सकाळी सगळे टॅबलेट अडकून बसायचे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणे नेटवर्क खराब आहे. मी म्हटलं सॉफ्टवेअर खराब आहे. शरणप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधीच जाऊन एका कोपऱ्यात उभे राहिले. तेव्हा त्यांना दिसलं की मलकप्पा नावाचा आमचा जुना ऑपरेटर एका टॅबलेटपासून दुसऱ्यापर्यंत चाललाय आणि प्रत्येकावर आपलाच पासवर्ड टाकतोय. कारण काय, तर मलकप्पाच्या हाताला यश आहे. पहिली बॅच त्याच्या हातानं सुरू झाली की बिघडत नाही, अशी सगळ्या पाळीची श्रद्धा. रजिस्टरच्या काळातही पहिली सही तोच करायचा. बोहणी! आणि सॉफ्टवेअर बिचारं विचारत होतं, एक माणूस इतक्या ठिकाणी एकाच वेळी कसा?

मी असते तर मेमो काढला असता. शरणप्पांनी सगळ्यांना गोळा केलं. "हात मलकप्पाचा, पासवर्ड ज्याचा त्याचा," ते म्हणाले. तेव्हापासून सकाळी मलकप्पा प्रत्येक बंद टॅबलेटला हात लावून पुढं जातो आणि मागून ज्याचं यंत्र तो आपल्या नावानं आत शिरतो. टॅबलेट पुन्हा कधी अडकले नाहीत. कंपनीच्या माणसाला काय सांगितलं, असं मी विचारलं. "नेटवर्क म्हून सांगितलं. खोडलं. काहीच न्हाई सांगितलं. कारण, त्येला कळलं नसतं."

असा हा माणूस एका बाबतीत मात्र हटवादी होता. वर्षाचं मोठं अपग्रेड तो येळवशीलाच करायचा.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या बिदर-कलबुर्गीकडं आणि शिवेपलीकडं लातूर-उदगीरला त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, दगडांना चुना फासून पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, वावरभर ताकातली आंबील शिंपायची आणि मग डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे पोट तटतटेपर्यंत खायचं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी हाताला धरून आपल्या शेतात नेतं. कारखाना अर्थातच ओस पडतो. यंत्रं बंद, नोंदी बंद, म्हणून सर्व्हर बंद करायला तोच दिवस बरा, असं शरणप्पांचं म्हणणं. आमचं शेत औरादला आहे. मी दरवर्षी त्यांना बोलवायची आणि दरवर्षी एकच उत्तर यायचं, "सर्व्हर एकटा पडतोय अक्का."

यंदा नवे मॅनेजर आले, हैदराबादचे रेड्डी साहेब. ते म्हणाले, "इसके वास्ते सण के दिन आदमी कायकू बिठाना? इतवार को हैदराबाद से हो जाता."

"साब, टॅबलेटां कौन देखता?" शरणप्पा म्हणाले. "हैदराबाद से हाथ पोंचता क्या?"

वाद वाढला. शरणप्पा मार्चमध्ये रिटायर होणार होते. जाता जाता माणूस साहेबाशी इतका का भांडतोय, हे कुणाला कळेना. शेवटी रेड्डी साहेबांनी हात झटकले. गुणवत्तावाल्यांनी त्या तारखेला सही दिली तर करा, नाही तर रविवारी हैदराबादहून. म्हणजे चेंडू माझ्या अंगणात.

अर्ज माझ्या स्क्रीनवर आला. तारीख येळवशीची. कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'सोयीचा दिवस'. मी अण्णांना बोलावून घेतलं.

"हे कारण तुमचं सॉफ्टवेअर घेईल, मी न्हाई घेणार. रविवारी काय बिघडायलंय?"

"एवढी एक डाव सही कर अक्का."

"पण कामून?"

"कामून म्हून इचारू नको."

साऱ्या जगाकडून कारणं लिहून घेणारा माणूस खाली बघून हे बोलत होता. मला राग आला, पण नाही म्हणवेना. मी म्हटलं, सही देते, पण करणारा एक आणि बघणारा दुसरा हा नियम तुमचाच आहे. तेव्हा त्या दिवशी बघायला मी येणार. त्यांचा चेहरा पडला. "तू कशाला? तुझं शेत हाय, लेकरं हायत..." मी ऐकलं नाही. मला वाटलं, यात नक्की काहीतरी पाणी मुरतंय, आणि ते शोधायचाच तर मला पगार मिळतो.

येळवशीच्या सकाळी औरादला माझे घरचे बैलगाडीत बसून शेताकडं निघाले आणि मी कोळारची बस पकडली. आईच्या हातची भज्जी सोडून! त्या दिवशी माझ्याशी कुणी बोलायला नको होतं.

अपग्रेड सुरळीत झालं आणि मग व्हायचं तेच झालं. बंद ठेवलेलं प्रत्येक यंत्र टॅबलेटवर 'वापरात' दिसायला लागलं. मी कपाळाला हात लावला. शरणप्पांनी चष्मा पुसला. आदल्या पाळीच्या लोकांनी सणाच्या घाईत लॉगआउट केलंच नव्हतं. नव्या सॉफ्टवेअरला वाटलं, माणसं अजून यंत्रावर उभीच आहेत. अण्णांनी एकेकाला नाव घेऊन शिव्या घालत बाहेर काढलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला, एकेका टॅबलेटवर जाऊन खात्री केली. ते करत गेले, मी तपासत गेले. सगळं ठाकठीक. खोट काढायला काही उरलं नाही म्हणून मी जरा नाराजच झाले.

हात धुवून परत आले तर अण्णा गायब.

शोधत शोधत बॉयलर हाऊसच्या मागं गेले. तिथं कंपाउंडच्या भिंतीला लागून मातीची एक चिंचोळी पट्टी उरली आहे. भिंतीला टेकून कडब्याच्या चार पेंढ्या उभ्या केल्या होत्या, गुडघाभर उंचीची कोप. तिच्यात चुना फासलेले पाच दगड. पुढं भज्जीचा डबा उघडलेला. आणि आमचे शरणप्पा डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात आंबिलीचं गाडगं घेऊन भिंतीच्या कडेनं शिंपत चालले होते.

मला बघून ते ओशाळले. मग म्हणाले, "हे बॉयलर उभं हाय न्हवं, हे आमचं वरलं वावर. खाली गोदामापस्तोर आमचंच. वसाहतीत गेलं. पैसा आला, घर झालं, पोरं शिकली, तक्रार न्हाई काही. पण येळवशीला दुसऱ्याच्या शेतात जाऊन कसं जेवू, सांग तू? आपलं वावर उपाशी ठिवून?"

अण्णांनी गाडग्यातली उरलेली आंबील भिंतीच्या कडेला शिंपली.

"मार्चनंतर पास जमा करावा लागतोय. मग कोण सोडायलंय मला आत? म्हून ह्या वर्षी भांडलो."

"महादेवीअक्कांना म्हाईत हाय?"

"भज्जी तिचीच की. पहाटं उठून करती, डबा हातात देती. तिला कुठला पास? जमीन गेली तवापस्नं तिनं हितं पाय ठिवला न्हाई."

मला भरून आलं. मला भरून आलं की मी दुसऱ्यावर ओरडते, म्हणून गेटवर जाऊन वॉचमनवर ओरडले. बाहेरच्या आवारात पाहुणा बोलवायचा अधिकार मला आहे. तो मी आजवर तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठीच वापरला होता. "पास कर. आणि पुढल्या येळवशीला दोन पास लागतील, आत्ताच ध्यानात ठेव," मी म्हटलं. मग महादेवीअक्कांना फोन लावला.

त्या रिक्षानं आल्या. नवं इरकल नेसलेल्या, कडेवर आंबिलीचं दुसरं गाडगं. वॉचमन उगाच उठून उभा राहिला. वाट दाखवायला म्हणून मी पुढं झाले, तर त्या माझ्याही पुढं. गोदामाच्या कोपऱ्यावरून वळल्या, कधी न पाहिलेल्या सिमेंटवरून सरळ चालत राहिल्या आणि मोकळ्या आवारात मध्येच डावीकडं सरकून मोठा वळसा घालून निघाल्या. तिथं काहीच नव्हतं. सपाट सिमेंट.

"अक्का, सरळ यायचं की," मी म्हटलं.

"सरळ कसं येतीस बाई?" त्या मागं न बघता म्हणाल्या. "इहीर हाय की तितं."

माझा पाय पुढं पडला होता. तो मी मागं घेतला आणि वळसा घालून त्यांच्या मागं गेले.