भिकोबाने छत बदललं

एका जंगलात, बाळांनो, भिकोबा नावाचं साळिंदर राहत होतं. कुठलं जंगल, असं मध्येच विचारू नका. सगळी जंगलं सारखीच असतात आणि तिथली शहाणी मंडळीही.

भिकोबाचं घर कुडाचं होतं. काठ्या विणून त्यावर माती लिंपलेल्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. घरात बायको ठकूबाई आणि दोन पिल्लं. छप्पर एका कोपऱ्यात गळायचं आणि पिल्लं नेमकी तिथेच झोपायची. धाकट्याचा खोकला गेल्या पावसाळ्यापासून हटत नव्हता.

"यंदाही हे ओल्यात निजलं तर वाचायचं नाही," ठकूबाईने बजावलं. "पाऊस यायच्या आत काय ते करा."

भिकोबाने सुगरणीला बोलावलं. ती पक्षीण जन्मभर गवत विणत आलेली. तिने वर जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "कोपऱ्यातलं गवत कुजलंय. दोन पेंढ्या लागतील. दुपारपर्यंत करून देते. मूठभर दाणे द्या."

भिकोबाला हे आवडलं नाही. आता यात न आवडण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. पण शेजारच्या रानडुकराने नवं घर बांधल्यापासून सगळ्या जंगलाला त्याचा खर्च ऐकवला होता. भिकोबाने काय ऐकवायचं? दोन पेंढ्या? त्याने सुगरणीला "कळवतो" म्हणून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी टोचराव सुतारपक्षी आला. गळ्यात पिशवी, पिशवीत रंगीत कागद.

"छताची मोफत तपासणी," तो म्हणाला.

मोफत म्हटल्यावर भिकोबाने स्वतः धावत जाऊन शिडी लावून दिली. पक्ष्याला शिडी. असो.

टोचराव वर बसून चोचीने ठोकत सुटला. सकाळपासून दुपारपर्यंत टक टक टक. मग खाली उतरला आणि तोंड पाडून म्हणाला, "काका, अवघड आहे. एक्केचाळीस भोकं निघाली."

"सकाळी एकच होतं," ठकूबाई म्हणाली.

"काकू, वरवर एकच दिसतं. तपासलं की बाकीची कळतात."

भिकोबाने मान डोलावली. असं मान डोलावणारं गिऱ्हाईक मिळालं की टोचरावाच्या जातीला आणखी काय हवं?

"पुन्हा गवतच घातलं तर?" भिकोबाने विचारलं.

"घाला की. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

"कौलं?"

"माकडांच्या उड्या बघितल्यात ना? आठवड्याला चार फुटतील."

"मग पत्रा घालू."

"पत्रा गोठ्यावर घालतात, काका."

झालं. आपल्या घराला कोणी गोठा म्हणेल, या विचाराने भिकोबाच्या अंगावरचे काटे उभे राहिले. टोचरावाने मग हळूच शेवटचा कागद काढला. अखंड काळी शिळा. हत्ती आणून ठेवतात. पन्नास वर्षं थेंब आत यायचा नाही, लेखी गॅरंटी. किंमत म्हणजे घरातले सगळे कंद, पुढच्या साली सापडतील ते कंद आणि भिकोबाच्या अंगावरचे निम्मे काटे. रानडुकराच्या खर्चाच्या दुप्पट. भिकोबाचा ऊर भरून आला.

"या कुडाच्या भिंतींना ती शिळा पेलेल का?" ठकूबाईने विचारलं.

"काकू, माझं काम छताचं. भिंती बघणारे वेगळे."

"मग त्यांना आधी बोलवा."

"त्यांना दिवाळीपर्यंत सवड नाही."

"तू गप्प बस गं," भिकोबा तिच्यावर खेकसला. "कुठलंही चांगलं काम निघालं की हिचा खोडा."

चार हत्तींनी शिळा ठेवली. भिकोबाने पूजा घातली आणि अंगणात पंगत बसवली. मंडळी माना वर करून छत बघत होती आणि भिकोबा तिसऱ्यांदा किंमत सांगत होता. एवढ्यात घरातून करकर ऐकू आली. ठकूबाईने वाढायचं टाकून आत धाव घेतली आणि दोन्ही पिल्लांना मानगुटीला धरून बाहेर ओढलं. तिच्या पाठोपाठ चारही भिंती बसल्या. शिळा सावकाश खाली आली आणि जमिनीला टेकली.

"माझी लेकरं चिरडली असती," ठकूबाई टोचरावाला म्हणाली. "कुठाय तुझी गॅरंटी?"

टोचरावाने शिळेभोवती चक्कर मारली. दोनचार ठिकाणी ठोकून पाहिलं. "छताला चरासुद्धा नाही, काकू. पाणी ओतून बघा. थेंब खाली गेला तर सगळे कंद परत."

भिकोबाने खरंच घागरभर पाणी ओतलं. थेंबही खाली गेला नाही. त्याला बरं वाटलं. पंगतीतल्या तिघांनी तिथल्या तिथे टोचरावाला आपापल्या घराचा पत्ता दिला.

चार दिवसांनी पाऊस लागला. ठकूबाई पिल्लांना पोटाशी घेऊन करवंदीच्या जाळीत बसून राहिली. आठव्या दिवशी धाकटं गेलं. तिने थोरल्याला उचललं आणि माहेरची वाट धरली.

भिकोबा तिथेच आहे. शिळेशेजारी भिजत उभा असतो. लोक छत बघायला येतात, त्यांना किंमत सांगायला कोणी नको का?

तात्पर्य : छत बदलताना हात आखडता घेऊ नये. छत भक्कम असलं, की खाली राहणारं कोणी उरलं नाही तरी गॅरंटी चालू राहते.