सुंदररावांचा हेडसेट

पक्षाचे निरीक्षक सोमेश्वरराव सुंदररावांच्या कानात रांजणात तोंड घालून बोलावं तसे बोलत होते. लॅपटॉपवर त्यांचा चेहरा लख्ख दिसत होता, पण शब्द एकही कळत नव्हता. मुलाखत होती जिल्हा परिषदेच्या उमेदवारीची. सुंदरराव आपले प्रत्येक वाक्याला "हो साहेब, नक्की साहेब" म्हणत राहिले. शेवटी निरीक्षकांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कॅमेऱ्यासमोर धरला. 'तुमचाही आवाज खराब येतोय. तोवर दुसऱ्या इच्छुकाला घेतो. तासाभराने पुन्हा.'

'दुसऱ्या इच्छुकाला' हे शब्द सुंदररावांनी दोनदा वाचले. युसूफ वडगाव या गटातून उभं राहायचं म्हणून त्यांनी आजवर एकही लग्न, बारसं, दहावं चुकवलं नव्हतं. एका दहाव्याला तर गेलेला माणूस कोण हे माहीत नसताना ते रडून आले होते. वय झालं होतं. या खेपेला उमेदवारी हुकली तर पुढच्या खेपेला कुणी विचारणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खरं तर लॅपटॉपचा आवाज मोठा करून बसले असते तरी भागलं असतं. पण पुढारी एकटा बसत नाही. पाठीमागे कार्यकर्ते दिसावे लागतात. आणि निरीक्षक काय बोलतात ते कार्यकर्त्यांना ऐकू जाऊन चालत नाही, कारण निरीक्षक कधीकधी अपमान करतात. यावर तोड म्हणून मुलाने, आदिनाथने, पुण्याहून बिनवायरीचा हेडसेट पाठवला होता. दोन्ही कान गच्च झाकणारा, बाहेरची कुजबुजसुद्धा आत न येऊ देणारा.

"नाना, आना ते इकडं," बजरंग सुंदररावांना म्हणाला. बजरंग सुंदररावांचा खास कार्यकर्ता. त्याचा मांडवाचा आणि स्पीकरचा धंदा होता, त्यामुळे गावात ज्या वस्तूतून आवाज येतो तिचा तो जाणकार. त्याने हेडसेटवर दोन टिचक्या मारल्या, माईकमध्ये फुंकर घातली आणि "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणून पाहिलं.

"लाईन दबली हाय," त्याने निदान केलं. "समद्यांचे मोबाइल बाहीर काढा. मोबाइल आवाज खातेत."

सगळ्यांचे मोबाइल एका घमेल्यात घालून ओसरीवर ठेवले. आवाज तसाच. मग लॅपटॉप उंचावर ठेवावा असं ठरलं आणि तो ज्वारीच्या कोठीवर चढवला. त्याच्यासमोर सुंदरराव स्टुलावर चढले. आवाज तसाच राहिला, स्टूल मात्र हलायला लागलं. मग बजरंग म्हणाला, मिक्सर बंद करा. स्वयंपाकघरातून सुंदररावांच्या पत्नी छबुबाई ओरडल्या, "मिक्सर चालूच न्हाई. मी पाट्यावर वाटायलेय!"

एवढ्यात सून स्वप्नाली आली. तिने सासऱ्यांना आणि लॅपटॉपला खाली उतरवलं, हेडसेट स्वतःच्या कानाला लावला आणि एक गाणं लावून पाहिलं.

"मामा, गाणं तर लई छान वाजतंय. निस्तं मीटिंगमध्येच बिघडतंय ना?"

"व्हय."

"मंग हेडसेट खराब न्हाई. त्याचा माईक चालू झाला का त्याला ऐकणं न् बोलणं दोन्ही ओढावं लागतंय, म्हणून आवाज पडतोय. आपण त्याचा माईक बंद करू. तुमी ऐका हेडसेटमधून न् बोला लॅपटॉपच्या माईकवर."

तिने दोन ठिकाणी बोट लावलं. स्वतःचा चेहरा बघून मामा सतत मिशा सारख्या करतात, म्हणून त्यांचं चित्रही त्यांच्यापुरतं पडद्यावरून लपवून टाकलं; साहेबांना ते दिसणारच होतं. जाताना तिने सगळ्यांना बजावलं, "आता खोलीत कुणी बोलू नका. लॅपटॉपला समदं ऐकू जातंय."

ती गेल्यावर बजरंग हसला. "काय ऐकू जातंय! अरे, आमच्या स्टेजवर माईक तोंडाला चिकटवल्याबिगर पाहुण्याचा आवाज निघत न्हाई. अन् हितं तर माईक दिसंना पन. बिनधास्त बोला बे."

स्पीकरवाल्यानेच सांगितल्यावर शंका घ्यायला जागा नव्हती.

तासाभराने सोमेश्वरराव पुन्हा पडद्यावर आले आणि सुंदरराव चकित झाले. निरीक्षकांनी चहाचा घोट घेतला तोही ऐकू आला. मागे बसलेल्यांचा मात्र खोकलाही ऐकू येईना. सुंदररावांना आपण थेट मुंबईत बसल्यासारखं वाटलं आणि त्यांचा आवाज आपोआप भाषणाचा झाला.

"सुंदरराव, गटात तुमची ताकद किती?"

"साहेब, हाक मारली का हजार मानूस उभं ऱ्हातंय!"

"त्यातलं निम्मं छबुकाकूच्या पिठल्यासाठी येतंय," मागून बजरंग शेजारच्याला म्हणाला. "नाना निस्तं 'बघू, करू' म्हनतेत. काम काकू करतेत."

निरीक्षकांनी चष्मा सारखा केला आणि ते पुढे सरकले. सुंदररावांना वाटलं, हजाराचा आकडा लागू पडला.

"बरं, लोकांची भांडणं येतात ती कशी सोडवता?"

नेमकं तेव्हाच सुंदररावांच्या पाठीमागच्या दारात मुंजाजी मेंढपाळ आणि बंकट एकमेकांची गचांडी धरून उभे राहिले. मुंजाजीच्या मेंढरांनी बंकटचा बांधाकडेचा हरभरा खाल्ला होता.

"नाना! न्याव करा!" बंकट ओरडला.

सुंदरराव कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, मानूस दारात आला का मी आदी त्याचं ऐकून घेतो."

"नाना, आवो नाना!"

"रातच्याला सुदिक कुनी हाक मारू द्या, माजे कान उघडे असतेत."

छबुबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कावून वरडायलात? नानांची मुलाखत चालू हाय. मुंजाजी, खाल्ला का हरभरा?"

"खाल्ला काकू. डोळा लागलता माजा."

"बंकट, तुजं सोयाबीनचं रान मोकळंच पडलंय ना? मुंजाजी, चार राती तिथं मेंढरं बसव. लेंडीखत बंकटला. बदल्यात नेहमीवानी दाने मागायचे न्हाईत. अन् बंकट, तू ह्याला भाकरी द्यायची. रानात बसून उपाशी ऱ्हाईल का तो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खत फुकट आणि भाकर फुकट, यात हरलं कोण हे कुणालाच सांगता येईना. गचांड्या सुटल्या.

इकडे सुंदरराव सांगत होते, "वाद मोठा असला का मी एक समिती नेमतो."

"वा!" सोमेश्वरराव खुर्चीत सरळ बसले. "फार छान तोडगा! असाच माणूस पक्षाला हवाय."

सुंदररावांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांच्या समितीचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

"एक विचारतो," निरीक्षक म्हणाले. "तुमच्या पत्नीचं पूर्ण नाव काय? मतदारयादीत आहेत ना?"

सुंदररावांनी मोठ्या आपुलकीने नाव सांगितलं. एवढा मोठा माणूस घरच्यांची चौकशी करतो, याचं त्यांना अप्रूप वाटलं.

संध्याकाळी ओसरीवरच्या घमेल्यात फोन वाजला. बजरंगने तो शोधून कानाला लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडला.

"नाना, उमेदवारी आपल्याच घरात आलीय."

"मंग वाजव की स्पीकर!"

"काकूला मिळालीय. साहेब म्हनले, न्याव लई बेस केला."

कुठला न्याव, हे सुंदररावांना सांगायला कुणी पुढे येईना. शेवटी मुंजाजीनेच सांगितलं. बंकटकडची भाकर घेऊन तो ओसरीपुढून चालला होता.

छबुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मला कुनी इचारलं का? न्हाई," त्या म्हणाल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "पन आता नाव गेलंच हाय तर हिंडावं लागंल. सकाळच्या धारा तुमी काढा."

सुंदरराव उठले. त्यांनी हेडसेट उचलला, स्वप्नालीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "पोरी, तू लई चांगलं केलंस. पन साहेबाला मागचं समदं ऐकू गेलं. ह्याचा तो पयला खराब आवाज परत लावता येतो का, बघ बरं."