बोलक्या टेबलावरचे स्कोन

टक्! केटलचं बटण उडालं आणि घरातली शांतता मोडली. मेरिनने कपाळावर हात मारून घेतला. लेक टिली दुपारी झोपली, की तेवढ्यात मेरिनला ध्वनिमुद्रण उरकायचं असे. 'खलाशांचं जहाजी बिस्किट' इथवर गाडी आली होती. आता पुन्हा पहिल्यापासून!

गावच्या छोट्या संग्रहालयात तिने अंध पाहुण्यांसाठी वस्तूंजवळ इवलीशी बटणं चिकटवली होती. फोन जवळ नेला, की मेरिनचा आवाज त्या वस्तूची माहिती सांगे. मग ती वस्तू हाताने चाचपून बघायची. अध्यक्ष डल्सीबाईंना ही चाचपाचाचपी मुळीच पसंत नव्हती.

"शनिवारी विनिफ्रेड येतायत. त्यांना आवडलं तर ठीक, नाहीतर बटणं काढायची हं, पोरी," त्यांनी बजावलं होतं.

शनिवारी गावच्या रिवाजाप्रमाणे जो तो घरून खाऊची एकेक बशी घेऊन आला. बश्या उदंड, जागा अपुरी. मेरिन टिलीला शू करायला घेऊन गेली, तेवढ्यात डल्सीबाईंनी वस्तू मांडलेलं लांब टेबल भराभर मोकळं केलं. बटणं मात्र काठाखाली तशीच राहिली.

विनिफ्रेड आल्या. पियानो शिकवून निवृत्त झालेल्या, जन्मापासून अंध, आणि तोंडाने फटकळ. फोन पुढे धरून त्या थेट टेबलाशी गेल्या. समोर डल्सीबाईंचे जत्रेत बक्षीस मिळवलेले स्कोन, चहाबरोबर खायचे मऊ, गोल पाव.

"दगडासारखं कडक," फोनमधून मेरिनचा गोड आवाज आला. "भिजवल्याशिवाय दात लागत नसे. आत बऱ्याचदा अळ्या असत."

डल्सीबाई लालबुंद झाल्या. "मेरिन! माझ्या स्कोनना?"

"अहो, ते वर्णन जहाजी बिस्किटाचं आहे हो!"

विनिफ्रेड चहाच्या भांड्याकडे सरकल्या. "मेंढ्यांच्या उवा मारायचं औषध," फोन म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत. मी आपली पाणीच पिते."

कोपऱ्यातल्या एका आजोबांनी तोंडातला चहा हळूच कपात परत सोडला.

"काढ ती बटणं! आत्ताच्या आत्ता!" डल्सीबाई कडाडल्या. रडवेली मेरिन टेबलाखाली शिरली.

इकडे विनिफ्रेडचा हात बशीत फिरत होता. त्यांनी एक चकती उचलून टेबलावर आपटली. ठक्, ठक्.

"हासुद्धा स्कोनच का, डल्सी?"

सगळे वाकले. ते खरंखुरं जहाजी बिस्किट होतं. आवराआवरीत डल्सीबाईंनीच ते रिकाम्या बशीत टाकलं होतं आणि मग वरून स्कोन रचले होते. इतक्या डोळसांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं.

"अगंबाई! मघाशी मी ही बशी डॉक्टरांपुढे धरली होती गं!" डल्सीबाई मटकन बसल्या. मग टेबलाखाली वाकून कुजबुजल्या, "ये बाहेर, पोरी. राहू देत तुझी बटणं. आणि हे बाहेर कुठे बोलू नकोस."

विनिफ्रेड खुशीत बिस्किटाची भोकं बोटाने चाचपत होत्या. टिलीनेही हात पुढे केला.

"टिली, हात नाही लावायचा!" मेरिन सवयीने ओरडली.

टिलीने विनिफ्रेडच्या बोटांकडे पाहिलं, मग आईकडे.

"मला दिसतं म्हणून?"