सुभद्राबाईची पाटी

पुंजारामाला मदतीचा डबा घेऊन चौकात उभं राहायचं होतं, आणि हवालदार महादेवराव त्याला काही केल्या उभं राहू देत नव्हते.

"त्या खुशालरावाचं काय झालं, ठाऊक हाय ना तुले?" हवालदारांनी विचारलं.

ते साऱ्या अकोल्याला ठाऊक होतं. भजनी मंडळाची वर्गणी मागायला खुशालराव याच चौकात एका बंडीला आडवा गेला आणि त्यानं बैलाचा कासरा धरला. बैल बिथरला. खुशालराव बंडीखाली जायचा, तो उडून बंडीत पडला, सरकीच्या पोत्यांवर. गाडीवान बहिरा. मागं माणूस आहे हे त्याला कळलं ते थेट अकोटला पोती उतरवताना. तोवर खुशालराव अर्ध्या वाटेत घाबरून आणि अर्ध्या वाटेत झोपून आला होता. तेव्हापासून महादेवरावांनी मागणाऱ्यांसाठी कायदे केले होते. ते कुठं लिहिलेले नव्हते. हवालदारांच्या मिशीतून निघायचे आणि चौकात लागू व्हायचे.

"मी कासरा नाही धरत जी," पुंजाराम म्हणाला. "बाजूले उभा राहतो. पाणपोईचं काम हाय. घरच्यांच्या नावाची."

हे ऐकून हवालदार जरा नरमले. पुंजाराम म्हणजे चौकातल्या जिनावरचा, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यावरचा, जुना चौकीदार. त्याची बायको दिवाळीच्या तोंडावर गेली. जिनाच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या रांगेला लागल्या की ती घरातून घागर आणायची आणि गाडीवानांना पाणी विचारत फिरायची. पोटी मूल नाही. मूल असतं तर बायांनी 'अमकीचा पोरगा' म्हणून तिचं नाव घेतलं असतं. आता ते कोण घेणार? नवरा घेईल म्हणावं, तर पुंजारामानं उभ्या जन्मात कधी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. 'अवं' म्हणायचा, फार झालं तर 'ऐकलं काय'. ती गेली त्या रात्रीसुद्धा तो तिच्या उशाशी बसून 'अवं, अवं' एवढंच म्हणत राहिला होता. पाणपोई झाली तर निदान तहानलेले लोक तरी तिचं नाव घेतील, एवढंच त्याला हवं होतं.

"बरं, आयक," हवालदार म्हणाले. "रस्त्यात उतराचं नाही, फुटपाथीवरच राहाचं. गाडी दुरून दिसली का हात वर कराचा, म्हणजे हाकणाऱ्याले समजते का इथी माणूस हाय. चालत्या गाडीले मागाचं नाही, थांबली तरच मागाचं. अन् पाटी पाहिजे. दुरून वाचता आली पाहिजे, मोठ्या अक्षराची."

पुंजाराम देवीदास पेंटरकडे गेला.

"काकीचं नाव काय लिहू?" देवीदासानं विचारलं.

पुंजारामानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "आमच्या घरचं."

"पाटीवर 'घरचं' लिहू काय? लोक खानावळ समजतीन."

"किसनदेवाची बहीण कोण, सांग."

"द्रौपदी!"

"सख्खी बावा, सख्खी!"

देवीदासानं बराच वेळ डोकं खाजवलं, मग हसला आणि कुंचला उचलला. हात मोठा दिलदार. 'सुभद्राबाई' एवढंच त्यानं इतक्या ठसठशीत अक्षरांत काढलं की निम्म्याहून अधिक पत्रा त्यातच संपला. 'यांच्या स्मरणार्थ पाणपोईस मदत करा' हे उरलेल्या कडेला मुंग्यांच्या रांगेसारखं बसवावं लागलं. पण नाव पार जिनाच्या धुराड्यापासून वाचता येत होतं. पुंजारामानं ते पाहिलं आणि उपरण्यानं डोळे पुसले. रंगाचा वास झोंबला, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाटी खांबाला बांधून, फुटपाथीवर, हात वर करून तो उभा राहिला. बंड्या आल्या, गेल्या. टांगे आले, गेले. थांबतंय कोण? आणि न थांबलेल्याला मागायचं नाही, हा कायदा. दुपारपर्यंत डब्यात खडासुद्धा वाजला नाही.

मग अकोटची मोटार आली. आता वऱ्हाडात रस्त्याकडेला कोणी हात वर केला म्हणजे त्याला मोटारीत बसायचं असतं, हे ड्रायव्हरला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. त्याला हात दिसला, पाटी दिसली. त्यानं करकचून ब्रेक दाबला.

थांबली! पुंजाराम कायद्यानं पुढे झाला आणि त्यानं खिडकीशी डबा वाजवला.

"कुठी जाचं, बुवा?" कंडक्टरनं विचारलं.

"कुठीच नाही जी."

"मंग हात काहून दाखवला?"

"कायदा हाय."

कंडक्टर काही बोलणार, तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "हे तं जिन आलं! मले इथंच उतराचं हाय. उगाच स्टँडवरून पायी हिंडा लागते." ती उतरली. तिच्यामागे गठुडी घेऊन आणखी दोघं उतरले. उतरणाऱ्यांच्या गडबडीत डबा तसाच राहिला, आणि मोटार निघून गेली.

संध्याकाळी परतीची मोटार आली तेव्हा ती बाई पाटीखाली बसलेलीच होती. पुंजारामानं हात वर केला, मोटार थांबली, बाई चढली. मग काय! चार दिवसांत माणसं तिथंच जमू लागली. दुर्गाबाई फुटाण्यांची टोपली घेऊन बसली. "सुभद्राबाईवर भेटू," असं माणसं एकमेकांना सांगू लागली. तेल्हाऱ्याची मोटार थांबू लागली, मग अंजनगावचीही. कोणी कोणाला विचारलं नाही. ड्रायव्हरांना वाटलं, थांबा वरून मंजूर झाला. वरच्यांना वाटलं, जुनाच असेल. पुढं तिकिटाचा दरही ठरला.

पुंजाराम सगळ्यांना डबा दाखवायचा. पण गठुडं सांभाळत मोटार पकडणाऱ्या माणसाला पाणपोईचं काय सुचणार? डब्यात जे पडलं त्यात रांजणाचं झाकणही आलं नसतं.

आणि एक दिवस महादेवराव आले. टोपी काढून हातात घेतलेली. हवालदारानं टोपी काढली म्हणजे बातमी वाईट, हे पुंजाराम जिनाच्या फाटकावर शिकला होता.

"पुंजाराम, आता डबा बंद करा लागते."

"काहून जी? मी तं खाली पायसुद्धा नाही ठेवला."

"नाही ठेवला, कबूल. पण मोटारच्या थांब्यावर मागाले मनाई हाय. लोकं चढता-उतरता पडतीन. मीच केला तो कायदा." ते पाटीकडे पाहून म्हणाले, "अन् हा थांबा हाय."

"हा थांबा नाही, हे आमच्या घरचे होत!"

हवालदार टोपी घालायची विसरून तसेच उन्हातून गेले.

डबा घरी कोनाड्यात गेला. पाटी मात्र राहिली, कारण आता ती काढणं गुन्हा होता. काम नसताना पुंजाराम रोज तिथं जाऊन बसू लागला. मोटार आली की कंडक्टर मोटारीच्या पत्र्यावर थाप मारून ओरडायचा, "सुभद्राबाई! चला सुभद्राबाई, उतरा लवकर!" प्रत्येक वेळी पुंजाराम उठून उभा राहायचा आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत दाराकडे पाहायचा. मग पुन्हा बसायचा.

एकदा कंडक्टर चिडला. "बुवा, रोज येता, चढत तं नाही. कोणाले घ्याले येता?"

पुंजाराम दाराशी गेला. हळूच म्हणाला, "एक सांगू का? रागाऊ नका. तुमी 'लवकर' म्हणता नं, तसं नका म्हणत जाऊ. गुडघे लय दुखत तिचे."

तो कंडक्टर मोठा खडूस, सुट्या पैशांवरून सख्ख्या बापाशी भांडेल असा. त्यानं घंटीची दोरी ओढली.

दुसऱ्या दिवशी मोटार आली. पत्र्यावर थाप पडली, पण हलकी. "सुभद्राबाई! सावकाश उतरा, घाई नाही." उडी मारायला निघालेला तेल्हाऱ्याचा एक दांडगा गडी ते ऐकून पायरीवरच थबकला. बावरून तो म्हातारीसारखा एकेक पाय टेकत उतरू लागला, आणि समोर एक हात पुढे आलेला दिसला म्हणून त्यानं तो धरला.