झिरो बघून घ्या

पेट्रोलचा भाव वाढवणं सरकारच्या हातात असतं आणि माप मारणं पंपवाल्याच्या. नागरिकाच्या हातात फक्त झिरो बघणं उरतं, आणि सुजाण नागरिक ते कर्तव्य डोळ्यात तेल घालून पार पाडतो. (पेट्रोल घालणं परवडत नाही.)

उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते गुरुलिंगआप्पा हे या बाबतीत तालुक्यातले पहिले सुजाण नागरिक. मापात पाप कसं करतात हे आडत्याला शिकवावं लागत नाही. ते दुसऱ्यानं केलं की त्याच्या जिवाला फार लागतं, एवढंच. पेट्रोल शंभरीपार गेलं तेव्हा आप्पा चिडले नाहीत की मोर्चात गेले नाहीत. त्यांनी घरापुरतं इंधन धोरण जाहीर केलं. उतार लागला की गाडी बंद करून सोडावी. एसी लावू नये, आणि वाऱ्याचा अडथळा होतो म्हणून काचाही उघडू नयेत (मे महिन्यातसुद्धा, धोरणाला ऋतू नसतो). पेट्रोल कधी गोल आकड्यात मागू नये, कारण पाचशे आणि हजार हे आकडे मशीनमध्ये आधीच 'सेट' केलेले असतात. पाचशे सत्तावीस म्हणावं, म्हणजे मशीन गोंधळतं. आणि टाकी पार कोरडी झाल्याशिवाय पंपावर जाऊ नये, कारण जुन्यावर नवं पडलं की नवं किती आलं ते कळत नाही.

या धोरणानं वर्षाला नऊशे चाळीस रुपये वाचत. गाडी वर्षातून चार वेळा ढकलावी लागे, पण ढकलणारे घरचेच असल्यानं ते श्रम हिशेबात धरलेले नव्हते.

मे महिन्यातल्या एका रविवारी आप्पांच्या अंबिकेची नीटची परीक्षा होती. पोरीनं दोन वर्षं लातूरला खोली करून क्लास केला होता. दोन वर्षांत ना कुणाचं लग्न बघितलं, ना जत्रा. परीक्षेआधी चार दिवस ती घरी आली होती. केंद्र लातूरचंच आलं होतं आणि दीडच्या ठोक्याला फाटक बंद होणार होतं. मग बाहेर राहिलेल्यानं पुढच्या वर्षी यायचं. नीलाबाईंचं, म्हणजे आप्पांच्या मंडळींचं, म्हणणं होतं की एसटीनं जावं, बायांना अर्धं तिकीट हाय. आप्पांनी सांगितलं की डॉक्टर होणारी पोर एसटीतून उतरलेली बरी दिसत नाही. साडेदहाला गाडी निघाली. टाकी धोरणाप्रमाणे कोरडी होती, म्हणून आधी पंप.

पंपावरच्या मशीनला दोन नोझल असतात, हिरवं पेट्रोलचं आणि काळं डिझेलचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आप्पांची दक्षता त्याच्या फार पुढची होती. त्यांनी नीलाबाईंना मशीनच्या डाव्या अंगाला उभं केलं, अंबिकेच्या हातातलं भौतिकशास्त्राचं पुस्तक काढून तिथे आईचा मोबाइल दिला आणि व्हिडिओ चालू ठेवायला सांगितलं. पंपावरचा वैजनाथ बारा वर्षांचा जुना माणूस. त्याला आप्पांनी बाह्या वर करायला लावल्या, कारण काहींच्या बाहीत रिमोट असतो. मग खिसे. मग पंधराशे सत्तावीस हा आकडा त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. मागं रांग वाढत चालली. उशीर होऊन राहिला, असं अंबिका हळूच म्हणाली, तेव्हा आप्पांनी तिला समजावलं की घाईत असलेल्या माणसालाच जग लुबाडतं.

वैजनाथनं कपाळाचा घाम पुसला, काळं नोझल उचललं, टाकीत घातलं आणि म्हणाला, "झिरो बघून घ्या."

आप्पांनी झिरो बघितला. सकाळी पूजेत तळहातावरच्या इष्टलिंगाकडे बघत असत तितक्याच एकाग्रतेनं, खरं तर थोड्या जास्तच. नीलाबाईंनी बघितला. अंबिकेनं मोबाइलमधून बघितला. रांगेतल्या चौदा जणांनी माना लांब करून बघितला. झिरोत काही खोट नव्हती. आकडे पळाले, पंधराशे सत्तावीसला थांबले, आणि काय सांगावं, आप्पांच्या अंदाजापेक्षा दोन लिटर जास्तच भरलं! आप्पांनी वळून बायकोकडे बघितलं. दरारा असला की असं होतं.

पाइपातल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर गाडी दोन किलोमीटर गेली. मग तिनं दोन आचके दिले, पांढरा धूर सोडला आणि रस्त्याच्या कडेला गप्प झाली. एका टेम्पोवाल्यानं टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि त्यात डिझेल असल्याचं जाहीर केलं.

अकरा वाजले होते. अंबिकेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडायला तिला वेळ नव्हता. ती भर रस्त्यात जाऊन उभी राहिली. नीलाबाईंनी पदर खोचला आणि त्याही लेकीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. वीस मिनिटांनी लातूर गाडी आली. मायलेकी अर्ध्या तिकिटात उभ्यानं गेल्या.

आप्पा त्यांच्याबरोबर गेले नाहीत. ते पायी पंपावर परत आले. त्यांनी पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप मागवलं आणि त्याच काळ्या नोझलनं भरून घेतलं. रेघेला रेघ भरलं. थेंबानं कमी नव्हतं. तक्रारवहीत कमी माप, जादा दर आणि उद्धट वर्तन असे तीन रकाने होते. आप्पांची तक्रार त्यातल्या एकातही बसेना.

"अरे, तुला नोझल दिसलं न्हाई का?" आप्पांनी विचारलं.

वैजनाथ म्हणाला, "आप्पा, तुमी सगळे झिरो बघून राहिले होते. मीबी झिरोच बघत होतो."

मघाशी रांगेत दुसरे उभे असलेले शेषेराव हवा भरायला पंपावर परत आले होते. ते म्हणाले, "मला दिसलं होतं. पर म्हटलं, आप्पांनी डिझेलची गाडी घेतली असंल. मोठ्या माणसाला कामून टोकावं?"

एक वाजून पंचवीस मिनिटांनी नीलाबाईंचा फोन आला. "पोरगी गेली आत. पाच मिनिटं राहिली होती," त्या म्हणाल्या. "तुमचं माप भरलं का?"

आप्पांनी खरं ते सांगितलं. माप भरलं होतं.

तो व्हिडिओ पुढे सगळ्या मोंढ्यानं बघितला. सव्वातीन मिनिटं झिरो स्वच्छ दिसतो आणि कोपऱ्यात, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काळं नोझल. लोक अजून हसतात आणि विचारतात, इतक्या माणसांत एकालाही कसं दिसलं नसेल?

वाचकहो, हिरवं पेट्रोलचं आणि काळं डिझेलचं, हे वर लिहिलं होतं. वैजनाथनं कोणतं उचललं, तेही लिहिलं होतं. तिथे जे अडखळले नाहीत, ते झिरो बघत होते. आणि ज्यांना दिसलं, तरी जे मुकाट्यानं पुढे वाचत राहिले, त्यांनी रांगेत शेषेरावांच्या मागं उभं राहावं. तिथे जागा नेहमीच असते.