सिदराम नावाड्यास कादंबरीने बुडविले ते वर्तमान

श्रीशारदेचे पायी मस्तक ठेवून आणि श्रोत्यांची आज्ञा घेऊन जैसे घडले तैसे लिहिले जाते. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सरी, नदीकाठी दीडशे उंबऱ्यांचे एक राज्य होते. तेथील जयवंतराव शहरी जाऊन थोर कादंबरीकार जाहले, परंतु चित्त गावीच राहिले, आणि मग त्यांनी गावावरच कादंबरी रचिली आणि तीत आपला बाळमित्र सिदराम नावाडी यास घातले. सिदरामाचा धाकटा भाऊ लखू मागे पुरात वाहून गेला होता. सिदरामाने त्याचा हात धरिला, तो निसटला. पाहणारे कोणी नव्हते, तरी गावाने सिदरामाचा शब्द मानिला होता. जयवंतरावांस वाटले, इतक्याने कथेस रंग भरत नाही. म्हणोन जमिनीच्या लोभाने थोरल्याने जाणोन हात सोडिला ऐसे लिहिले आणि सिदरामाचा शिवराम केला. कीर्ति बहुत जाहली, दरबारी शाल-श्रीफळ मिळाले.

मग ग्रंथ गावी पोहोचला आणि गावाने शिवराम तात्काळ ओळखिला. लोक नावेत बसेनात. लखूची बायको रखमा इतकी वर्षे थोरल्या दिराचे आधाराने मानाने राहत होती, ती लेकरे घेऊन माहेरी चालती जाहली. हे कानी येताच जयवंतराव दचकले आणि गावी दाखल होऊन पारावर उभे राहून बोलिले, "मंडळी, ते सारं माझ्या मनचं आहे. सिदरामानं काही केलेलं नाही."

पाटील हसोन म्हणाले, "आता असंच म्हणावं लागणार तुम्हाला, राव. पण लिहिलंत मात्र डोळ्यांनी पाहिल्यागत."

मग राव मान खाली घालून नदीवर गेले. सिदराम पालथ्या नावेस डांबर लावीत होता.

"सिद्या, चुकलं माझं. पुढच्या आवृत्तीत बदलतो सगळं."

"मी वाचलं रे," सिदराम बोलिला.

"मग शिव्या तरी दे."

"शिव्या काय देऊ? हात निसटला, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. आता डोळे मिटले की तू लिहिलेलंच दिसतं. जयवंता, खरं सांग, मी सोडला म्हणून तुला कुणी सांगितलं होतं का?"

जयवंतरावांनी आईची शपथ वाहिली, कोणी सांगितले नाही. सिदरामाने ऐकिले, मान डोलाविली, परंतु त्यास पटले नाही.

पुढे राव शहरी परतले आणि पुन्हा गावावर अक्षर लिहिले नाही. ग्रंथ मात्र खपतच राहिला. सिदरामाने त्याच साली नाव मोडिली. रावांस यश आले, ते माघारी घेता आले नाही, इतुकेच वर्तमान. येथे लेखणी खाली ठेविली.